चहाचा डाग

डागमावशीच्या नाकावर कधी माशी बसली नाही, आणि बसली असती तरी ती कुठल्या गटारावरून उठून आली हे मावशीने सांगितलं असतं. गल्लीतले लोक हे थट्टेने म्हणायचे, पण त्यात खोटं फार नव्हतं. कपडा हातात आला की ती आधी बघायची नाही, आधी हुंगायची. डोळ्यांवर तिचा विश्वासच नव्हता. "डोळ्यांना काय, जुने झाले की सगळे डाग तपकिरीच दिसतात," म्हणायची. "चोर कोण ते नाक सांगतं."

आणि चोर कळला की मग त्याचं औषध. घामाने पिवळ्या पडलेल्या काखांना खायचा सोडा कालवून लावायचा आणि उन्हात टाकायचं. पेटीत कुबटलेल्या लोकरीला व्हिनेगरचं पाणी दाखवायचं, पण ऊन नाही, सावलीतला वारा. कोऱ्या चहाचा डाग असेल तर कापड पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधायचं आणि वरून उकळत्या पाण्याची धार सोडायची, डाग पळत सुटतो. रक्ताला मात्र गार पाणी आणि मीठ. रक्ताला गरम पाणी लावलंत तर तो डाग तुमच्या नातवंडांकडे वारसाने जाईल, असं ती नव्या नवऱ्यांना आणि नव्या आयांना सारख्याच गांभीर्याने बजावायची. सगळं झालं, कपडा सुकला, की ती पुन्हा एकदा नाक लावायची आणि एकच शब्द बोलायची. "गेला." तो शब्द ऐकला की ज्याचा कपडा तो निश्चिंत.

तिचा नवरा घरं रंगवायचा. गल्लीत त्याला रंगारी म्हणत. हा डाग पाडतो आणि ती काढते, दोघांचा धंदा एकमेकांच्या जिवावर चालतो, हा त्यांच्यावरचा जुना विनोद. खरं तर मावशीची सगळी विद्या त्याच्या सदऱ्यांवरच तयार झाली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने त्याचा तेलरंगाने माखलेला सदरा पाण्यात घातला आणि सदऱ्यासकट बादली वाया गेली. रंगारी तेव्हा इतका हसला होता की त्या हसण्याच्या ईर्ष्येनेच ती शिकली.

मग रंगाऱ्याचं डावं अंग गेलं. शिडीवर नाही, घरात, दाढी करताना. बोलणं थोडं जड झालं पण राहिलं, उजवा हात राहिला, डोकं तर पहिल्याहून तिखट झालं. डावीकडे मात्र काही कळेना, टाचणी टोचली तरी नाही. पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला, आणि मावशीने पदर खोचला.

एकुलती एक लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, पोस्टात नोकरी, घरी दोन लहान मुलं. लेक वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर ऐकणारे अशा गोष्टीत लगेच लेकीवर दात धरतात. तिने आईच्या सुजलेल्या मनगटांकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "आई, तुला झेपणार आहे का हे? आजाऱ्यांसाठी एक चांगलं घर आहे आमच्याकडे. नर्स असतात. वेळच्या वेळी कूस बदलतात. मी रोज जाऊन येईन बाबांकडे."

मावशीला ते झोंबलं. कूस बदलण्याचं नाही, झेपण्याचं. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आजाऱ्याचं घर कशावरून ओळखतात? वासावरून. घे, हुंग. येतोय का या घराला वास?"

"तसं नाही गं आई."

"तसंच आहे. ज्या दिवशी या घराला आजाऱ्याचा वास येईल, त्या दिवशी ने तुझ्या बाबांना. मी दार अडवणार नाही."

"शब्द दिलास हं," लेक म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कोणी मागितला नव्हता तो शब्द. पण मावशी एकदा शब्द देऊन बसली की फिरत नसे, हे लेकीला ठाऊक होतं, आणि पलंगावर डोळे मिटून पडलेल्या रंगाऱ्यालाही. तो झोपलेला नव्हता.

बरेच महिने सगळं नीट चाललं. चादर रोज बदलायची, दुलई उन्हात, अभ्र्यांच्या घडीत लवंगा. येणारा जाणारा म्हणायचा, मावशी, इथे आजारी माणूस आहे असं वाटतच नाही. मावशी वरवर नाक मुरडायची आणि आतून फुलायची. रंगारीही सुधारला थोडा. उजव्या हाताने जेवायला लागला, आणि एक दिवस अंग पुसताना त्याने तिच्या हातातला टॉवेल घेतला. "कंबरेखालचं माझं मी बघतो. तू तोंड तिकडे कर. एवढी तरी लाज राहू दे माझी." मावशीला बरं वाटलं. माणूस लाजायला लागला म्हणजे माणसात आला, असा तिने हिशेब केला. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि तो मागे खुडबुड करायचा. कूस तो आपली आपण वळवतो म्हणायचा, आणि हिने मानलं.

थंडीत तिला सर्दी झाली. ताप आला, गेला. सर्दीही गेली. नाक मोकळं झालं, वारा आरपार जायला लागला, पण त्या वाऱ्यात काही नव्हतं. तिला ते कळलंही नाही आधी. चुलीशी उभी होती, भाजी चिरत होती, आणि पुढच्या खोलीतून रंगाऱ्याचा आवाज आला.

"अगं, दूध लागलं."

"कळतंय मला," ती म्हणाली, आणि खाली पाहिलं तर पातेलं काळं.

तिने व्हिनेगरची बाटली उघडून नाकाला लावली. डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही नाही. लवंग चुरडली, साबण हुंगला, स्वतःचा घामेजलेला पदर हुंगला. ती घाबरली. आडून बोलण्यात अर्थ नाही, फार घाबरली. लोकांचे कपडे गेले चुलीत, पण घराची राखण आता कशाच्या जोरावर करायची? घराला वास आला तर सगळ्यांत शेवटी तिला कळणार होतं, आणि कळेपर्यंत लेक गाडी घेऊन दारात.

डॉक्टरकडे जावं, तर डॉक्टर लेकीच्याच ओळखीचा. मग तिने ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक डाग घेऊन आले की पूर्वीसारखी कपड्याला नाक लावायची आणि डोळे वटारायची. "मला कळलंय काय आहे ते. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय." आणि लोक भडाभडा बोलायचे. एकाने तर न विचारलेल्या दोन गोष्टीही कबूल केल्या. घरातल्या कपड्यांसाठी तिने रंगाऱ्याला धरलं. वाळलेली चादर त्याच्या छातीवर पसरायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायची, "झाली ना ताजी?"

तो लांब श्वास घ्यायचा. "उन्हाचा वास येतोय नुसता."

"मग? गेलाच पाहिजे कुबटपणा," मावशी म्हणायची आणि घडी घालायला वळायची. गेला हा शब्द तिने जन्मभर कपड्यांबद्दल म्हटला होता. आता तो आपल्या नाकाबद्दलच खरा आहे हे आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं.

मग एका सकाळी चादरीच्या मधोमध डाग दिसला. वाटीएवढा, कडेला पिवळसर. तिने चादर उचलली, सवयीने नाकाशी नेली, आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हे काय सांडलंत?"

"चहा."

"इथे, खाली?"

"कप कलंडला. एका हाताचा माणूस मी, सर्कशीत थोडाच आहे."

ती हसली. चादर पातेल्यावर ताणून दोरीने बांधली, पाणी उकळलं, आणि हात उंच करून धार सोडली. चहाचा डाग अशा वेळी फिकट होत होत पातेल्यात उतरतो. हा उतरला नाही. हा गडद झाला, कडा आवळल्या, आणि तव्यावर अंडं बसावं तसा कापडात बसला.

मावशी पातेलं धरून उभी राहिली. गरम पाण्याने असे बसणारे डाग तिला तोंडपाठ होते, लहान मुलालाही तिने शिकवले असते. अंडं, दूध, रक्त. अंडी डॉक्टरांनी बंद केली होती. चहा तो कोराच प्यायचा, दूध त्याला चालत नव्हतं. मग उरलं काय? एवढं सोपं गणित, आणि ते सोडवायला तिच्याएवढं कोणी नव्हतं त्या गल्लीत. पण मावशीने पातेलं मोरीत ओतलं आणि स्वतःला सांगितलं, बिस्किटात दूध असतं. बिस्किटात दूध म्हणे. शहाण्या बाईने स्वतःला एवढं मूर्ख बनवावं, याला काय म्हणायचं?

पुढे डाग येतच राहिले. तो दरवेळी चहा म्हणायचा, ती दरवेळी उकळतं पाणी घ्यायची, आणि डाग बसलेल्या चादरी एकीखाली एक कपाटात जायच्या. शेवटी ती म्हणाली, "आता कप अर्धाच भरते तुमचा."

"बरं," तो म्हणाला. तोही कप त्याने पुरा प्यायला नाही.

लेक आली ती दारातच थांबली. नाकाला हात नाही लावला तिने, पण मावशीने तिच्या नाकपुड्या पाहिल्या.

"आई, कसला तरी वास येतोय."

"अभ्र्यांचा असेल. दमट हवा आहे, वाळतच नाही काही. आजच उकळणार होते."

"अभ्र्यांचा नाही गं वाटत."

"माझ्या मोज्यांचा आहे तो," रंगारी पलंगावरून म्हणाला. "तुझी आई जगाचे डाग काढते, पण माझ्या मोज्यांपुढे पहिल्यापासून हरलेली आहे."

लेक हसली. बापाने हसवलं की ती लहानपणापासूनच बाकीचं विसरायची. पण जाताना जिन्यात मागे वळून म्हणाली, "बघ हं आई, शब्द दिलायस."

मावशीने त्या दिवशी घर सोलून काढलं. पडदे उतरवले, गादीवर सोडा भुरभुरून काठीने झोडपली, चादरी, दुलया, खुर्चीची गादी, पायपुसणी, सगळं व्हिनेगरच्या पाण्यातून काढलं. मनगटं टरारून सुजली. तिची एक पक्की समजूत होती, तिच्यावर तिचं अख्खं आयुष्य उभं होतं. माणसाला वास नसतो, माणसाच्या कपड्याला असतो. वास यायला लागला की कापड शोधायचं. म्हणून तिने त्या माणसाला लागलेला धागा न् धागा धुतला. माणूस तेवढा बघायचा राहिला.

पुढच्या खेपेला लेक येण्याआधी तिने लवंगा उकळल्या, खिडक्या उघडल्या, पडद्यांवर व्हिनेगर शिंपडलं. किती शिंपडतेय ते कळायला नाक नव्हतं. लेकीचे डोळे चुरचुरायला लागले. "जीव गुदमरतो गं इथे," ती म्हणाली. तिने बाबांच्या कपाळाला हात लावला, आईकडे बराच वेळ पाहिलं, आणि काहीतरी बोलता बोलता थांबून लवकरच निघून गेली.

त्यानंतर रंगाऱ्याला हुडहुडी भरायला लागली. भर दुपारी दुलई घेऊन दात वाजवायचा आणि म्हणायचा, खिडकीतला वारा आहे. मावशीने खिडकी लावून घेतली. फरशीही सोड्याने घासून टाकावी म्हणून तिने पलंग भिंतीपासून ओढला, तेव्हा तिथे चिंध्या सापडल्या.

त्याच्याच होत्या. कुंचले पुसायला तो जुन्या बनियनचे मऊ तुकडे करून ठेवायचा, त्यांचा गठ्ठा पलंगाशी डब्यात होता. ते तुकडे आता भिंत आणि पलंगाच्या फटीत कोंबलेले होते, वाळून पापडासारखे कडक. रंगारी दुलईत तोंड घालून झोपला होता. मावशीने एक तुकडा नाकाला लावला. डोळे मिटले, पुन्हा लावला. कपाळाच्या शिरा ताणून ताणून हुंगलं. काही नाही.

तो तुकडा घेऊन ती खाली शिवणवालीकडे गेली. शिवणवाली तिची कैक वर्षांची शेजारीण, मशीनवर बसलेली होती.

"याला वास कसला येतो सांग."

शिवणवालीने मान मागे घेतली. "आधी लांब धर ते, मावशी. आणि तू मला विचारतेस?"

"विचारतेय. सांग."

"सडल्याचा आहे. पू आहे हा, चिघळलेल्या जखमेचा." ती मशीनवरून उठली. "जिन्यात येतो गं मावशी, केव्हापासून. सगळ्यांनाच येतो. पण डागमावशीला वासाचं मी काय सांगणार?"

मावशी जिना कशी चढली तिलाच ठाऊक. रंगारी जागा झाला होता. त्याने ओढलेला पलंग पाहिला, तिच्या हातातला तुकडा पाहिला.

"कूस वळवा."

"कशाला आता?"

"वळवा म्हणते ना."

तो वळला नाही. मग तिने त्याच्या अंगाखाली दोन्ही हात घातले आणि त्याला वळवलं. लाजेचं कौतुक करून भिंतीकडे तोंड केलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने तिथे पाहिलं. कंबरेखाली मूठ मावेल एवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या, आणि तळाशी पांढरं होतं ते हाड होतं.

"शेवटपर्यंत चहाच म्हणाला असतात?" तिने विचारलं.

"दुखत नाही गं. त्या अंगाला काही कळतच नाही."

"नाकाला कळत होतं ना?"

रंगारी छताकडे बघत राहिला. ते त्यानेच रंगवलेलं होतं. "होतं," म्हणाला.

"मग?"

"तुझं नाक गेलंय हे मला दूध लागलं तेव्हाच कळलं. मी म्हटलं, राहू दे, आपण सांभाळू. तू चादर आणायचीस, विचारायचीस. येतो वास, असं म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस? फोन केला असतास लेकीला. तू शब्द मोडणारी नाहीस." त्याला दम लागला. "मला तिथे जायचं नव्हतं. इथेच राहायचं होतं. तुझ्या या सोड्या-व्हिनेगरात."

मावशीला राग आला. असा राग तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्या उकळत्या पाण्याच्या वेळी तिला कळलं होतं. नाकाची गरजच नव्हती, हातांना कळलं होतं. ती पलंगाशी खाली बसली, त्याचा तो काही न कळणारा पाय मांडीवर घेतला आणि तोंड दाबून रडली. मग उठली आणि लेकीला फोन लावला. "ये," म्हणाली. "ने तुझ्या बाबांना."

आजाऱ्यांच्या त्या घरी न्यायचा प्रश्नच उरला नव्हता. थेट इस्पितळात न्यावं लागलं. विष रक्तात भिनलंय, डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. किती आधी, हे मावशीने विचारलं नाही. रंगारी दोन-चार दिवस तापात बरळत राहिला, कुठल्या तरी भिंतीला दुसरा हात मारायचा राहिलाय म्हणत होता. मग एका दुपारी, मायलेकी दोघी उशाशी असताना, गेला.

दोघी बाहेर लाकडी बाकावर बसल्या. आत त्याला आवरत होते. लेक रडून थकली होती, आवाज बसला होता.

"आई, एक विचारते. इतकं होईपर्यंत बाबा काहीच बोलले नाहीत? तुला तरी?"

चहा म्हणाले. एवढे दोनच शब्द होते, मावशीच्या अगदी जिभेवर आलेले. त्या दोन शब्दांनी ती सुटत होती. पण चहा का म्हणाले, हे लेकीने पुढे विचारलंच असतं. आणि त्याला उत्तर एकच होतं. तू नेशील म्हणून. ही पोर मग जन्मभर तेवढंच घेऊन बसली असती, आपल्याला भिऊन आपला बाप पलंगावर सडला म्हणून. रडायचं थांबलं तरी ते थांबलं नसतं. मावशीने लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिचं ठरलं.

"बोलले होते," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखव म्हणाले होते. वासही येत होता मला, चांगला येत होता. मीच झाकला. तू घेऊन जाशील म्हणून."

आतून कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.